टायपिंग क्लास ते डी.एड. कॉलेज: सोलापुरातल्या एका संस्थेचं प्रकरण

ही केस पूर्व भागातल्या एका टायपिंग क्लासची आहे. पूर्व भाग म्हणजे काय ते सोलापूरकराला सांगायला नको, बाकीच्यांसाठी सांगतो: अशोक चौक, साखर पेठ, दाजी पेठ, यंत्रमागाचा खडखडाट, दारात सूप घेऊन विड्या वळत बसलेल्या बायका आणि घरात तेलुगू, रस्त्यावर मराठी. संस्थेचं नाव देत नाही, मालकाचंही नाही, त्यांना सगळं गाव सरच म्हणायचं म्हणून इथंही सर. त्यांच्या हिशेबाचं काम मी बरीच वर्षं बघितलंय, वह्या हाताखालून गेल्यात, त्यामुळं बाहेरच्याला पाटी दिसायची तेव्हा मला पाटीमागचा जमाखर्च दिसायचा.

माझं म्हणणं आधीच सांगून टाकतो. खाजगी क्लासवाले कौशल्य विकतात असं आपण धरून चालतो, ते अर्धंच खरंय. महाराष्ट्रात या धंद्याला जेव्हा जेव्हा बरकत आली तेव्हा मागं सरकारची कुठलीतरी अट होती, अमुक सर्टिफिकेट असल्याशिवाय अमुक पोस्ट नाही. अट आली की क्लास भरतो, अट बदलली की रिकामा. मग अमुक क्लासनं पोरांना फसवलं आणि तमक्यानं नाही असं का होतं? तर मालकाचा स्वभाव हे उत्तर मला पटत नाही, कारण या केसमध्ये मालक तोच आहे, जागा तीच, पोरंपण त्याच गल्लीतली. बदलली ती फी घ्यायची पद्धत.

सरांनी सुरुवात केली सत्तरच्या दशकात. पहिल्या मजल्यावर भाड्याचा एक लांबट हॉल, डझनभर मशीन, काही सेकंडहँड रेमिंग्टन, काही गोदरेज. गोदरेजनं १९५५ मध्ये भारतीय बनावटीचं टाइपरायटर काढलं आणि पुढं गावोगावच्या कमर्शियल इन्स्टिट्यूट त्याच मशीनवर उभ्या राहिल्या. सरकारदरबारी यांचं नाव 'शासनमान्य वाणिज्य संस्था', लोकांच्या तोंडी नुसतं टायपिंग. परीक्षा राज्य परीक्षा परिषदेची, वर्षातून दोनदा, आणि आकडे सगळ्यांना पाठ: लिपिक-टंकलेखक व्हायचं तर मिनिटाला मराठी ३० नाहीतर इंग्रजी ४० शब्द, स्टेनो व्हायचं तर त्यावर शॉर्टहँडची १०० किंवा १२० ची परीक्षा. कुणी कॉलेजला आहे का विचारायच्या आधी 'तीसची झाली का, चाळीसची झाली का' असं विचारायचे.

या धंद्याचं गणित फार सरळ होतं आणि मला ते अजून आवडतं. विकायचा माल म्हणजे मशीनचा एक तास. सकाळी सहाला पहिली बॅच, रात्री नऊला शेवटची सुटायची, दुपारी दोनेक तास बंद. डझनभर मशीन आणि बारा-तेरा बॅच म्हणजे जास्तीत जास्त दीडशे पोरं, त्याच्यावर एकही नाही, कारण तेरावं मशीन ठेवायला जागाच नव्हती. खर्च म्हणजे भाडं, रिबन, कागद, महिन्यातून एकदा येणारा मेकॅनिक आणि एक इन्स्ट्रक्टर मॅडम. फी महिन्याच्या महिन्याला. हे शेवटचं वाक्य ध्यानात ठेवा, सगळी केस त्याच्यावर आहे. पोराला पटलं नाही, बोटं बसेनात, मशीनची अक्षरं तुटलेली, मॅडम लक्ष देत नाहीत, तर पुढच्या महिन्यात पोरगं चार दुकानं सोडून दुसऱ्या क्लासला जायचं. त्यामुळं सर मशीन दुरुस्त ठेवायचे आणि मॅडमना बोलायचे. चांगुलपणा होताच, नाही असं नाही, पण दर महिन्याच्या एक तारखेला त्या चांगुलपणाची परीक्षा व्हायची.

गिऱ्हाईक कोण? गिरणी कामगारांची पोरं. जुनी मिल आधीच बंद झालेली, लक्ष्मी-विष्णू मिल नव्वदच्या दशकात गेली, आणि ज्या घरात बाप शिफ्टला जाताना आपसूक पोराची जागा ठरलेली असायची तिथं अचानक 'सरकारी बघ काहीतरी' सुरू झालं. झेडपी, कोर्ट, एसटी, एमएसईबी. सगळ्यांना कुठं नोकऱ्या लागल्या, लागल्या नाहीतच, पण ज्यांना लागल्या नाहीत ते कोर्टाबाहेर मशीन टाकून बसले, वकिलांकडं लागले, कारखान्याच्या ऑफिसात लागले. बोटांना आलेलं काही वाया जात नव्हतं.

नव्वदच्या शेवटी कॉम्प्युटरची लाट आली. एनआयआयटी १९८१ ची, अ‍ॅप्टेक १९८६ ची, मोठ्या शहरात त्यांनी फ्रँचायझीचं मॉडेल रुजवलं आणि वायटूकेच्या (२००० साल लागताच कॉम्प्युटर बंद पडतील या भीतीच्या) हवेत ते जिल्ह्याच्या गावापर्यंत आलं. सरांनी अशाच एका ब्रँडची (या दोघांपैकी नव्हे) फ्रँचायझी घेतली, एसी लावला, काचेचा दरवाजा केला, आणि हा प्रकार फार टिकला नाही. रॉयल्टी ब्रँडला, अभ्यासक्रम ब्रँडचा, पोरं आणायची जबाबदारी सरांची. २००० नंतर अमेरिकेतल्या डॉटकॉमचा फुगा फुटला आणि इकडं 'सॉफ्टवेअर डिप्लोमा'ची चौकशी थांबली. इथं सरकारची अट नव्हती हेही बघा, नुसती हवा होती. हवेचा धंदा दोन-तीन वर्षांचा.

मग २००१ ला एमकेसीएल (महाराष्ट्र नॉलेज कॉर्पोरेशन) आलं आणि त्यांचा एमएस-सीआयटी हा कॉम्प्युटरचा कोर्स. सरकारी नोकरीला संगणक अर्हता लागणार म्हणल्यावर पुन्हा अट आली, आणि ही अट तर नोकरीत असलेल्यांनाही लागू झाली, २००७ अखेरपर्यंत पास व्हा नाहीतर वेतनवाढ थांबणार. त्या वर्षांत संध्याकाळच्या बॅचला बसलेले चेहरे बघण्यासारखे होते, चाळिशी उलटलेले गुरुजी, तलाठी, आरोग्य खात्यातले लोक, माऊस उचलून हवेत धरणारे, आणि शेजारी त्यांचीच जुनी विद्यार्थिनी त्यांना डबल क्लिक शिकवतीये. फी ठरलेली, हप्त्यात भरता यायची, कोर्स तीनेक महिन्यांचा, परीक्षा कॉम्प्युटरवरच. सरांच्या हातात आयुष्यात पहिल्यांदा सुट्टा पैसा आला. आणि हातात सुट्टा पैसा असलेल्या माणसाकडं पार्टनर चालत येतात.

आता खरी केस.

थोडं मागं जाऊन सांगायला लागेल. १९८३ ला वसंतदादा पाटील मुख्यमंत्री असताना विनाअनुदानित इंजिनिअरिंग कॉलेजांना दार उघडलं, सोलापूरचं वालचंद इन्स्टिट्यूट ऑफ टेक्नॉलॉजीही त्याच वर्षीचं. त्यानंतर डोनेशन हा शब्द घराघरात पोचला, १९८७ ला कॅपिटेशन फी बंदीचा कायदा करावा लागला. कायद्याचं म्हणणं असं की शिक्षण संस्था नफ्यासाठी नसते. सोसायटी म्हणून नोंदणी, सार्वजनिक न्यास म्हणून धर्मादाय आयुक्तांकडं नोंदणी, मग मान्यता. २००२ च्या टी. एम. ए. पै निकालात सुप्रीम कोर्टानं सांगितलं की संस्थेच्या वाढीसाठी वाजवी शिल्लक ठेवा, पण नफेखोरी आणि कॅपिटेशन फी चालणार नाही. म्हणजे गंमत बघा, सरांचा टायपिंग क्लास हा उघड धंदा होता, नफा व्हायचा आणि ते लपवत नव्हते. डी.एड. (प्राथमिक शिक्षकाची पदविका) कॉलेज मात्र कागदावर 'ना नफा'.

डी.एड. का, तर २००० साली शिक्षणसेवक योजना आली. प्राथमिकला महिना ३००० रुपये मानधन, तीन वर्षं काढली की कायम. आज वाचताना ३००० किरकोळ वाटतात, पण 'कायम' या गोष्टीसाठी लोक जमीन विकायला तयार होते. बारावीनंतर दोन वर्षांत मास्तर, मुलींसाठी तर स्थळांच्या बाजारात डी.एड. म्हणजे सोनं. कॉलेजं धडाधड निघाली. मान्यता एनसीटीईच्या (राष्ट्रीय अध्यापक शिक्षण परिषदेच्या) भोपाळच्या विभागीय समितीकडून, ५० चं युनिट, जागेची अट, ग्रंथालयाची अट, अध्यापकांची अट, ५ लाख आणि ३ लाखांच्या ठेवी ठेवायची अट. सरांकडं आलेला पार्टनर जमीनवाला होता, अक्कलकोट रोडच्या बाजूला त्याची पडीक जागा होती. त्याची जमीन, सरांचा पैसा आणि गावातलं नाव. त्या नावाची किंमत प्रोजेक्ट रिपोर्टमध्ये कुठंच लिहिलेली नव्हती आणि भांडवल खरं म्हणजे तेच होतं.

'ना नफा' संस्थेतून नफा कसा बाहेर पडतो हे बाहेरच्यांना गूढ वाटतं, हिशेब बघणाऱ्याला नाही. बिल्डिंग संस्थेची नसते, पार्टनरच्या घरातल्या कुणाच्यातरी नावावर असते, संस्था तिला भाडं देते आणि भाडं किती ते ठरवणारी दोन्हीकडची माणसं एकाच घरातली. अध्यापकांचा पगार कागदावर पूर्ण, बँकेत जमा, आणि मग त्यातला मोठा भाग रोखीनं परत. मॅनेजमेंट कोट्यातल्या सीटची फी पावतीवर ठरलेली, बाकीची 'इमारत निधी'. तपासणी समिती यायच्या दिवशी ग्रंथालयात पुस्तकं वाढतात आणि चार दिवसांनी कमी होतात. यातलं कुठं काय झालं ते मी सांगत बसत नाही, पण हे सगळं या संस्थेत होतं, आणि ही संस्था काही वेगळी नव्हती.

सरांचं काय? ते सेक्रेटरी. सकाळी हॉलवर टायपिंगच्या बॅच बघायचे, दुपारी कॉलेजवर जायचे. एकाच माणसाच्या दोन दुकानांत एवढा फरक मी नंतर कुठं बघितला नाही. हॉलमध्ये एखादं मशीन चार दिवस बंद राहिलं की कासावीस व्हायचे, कॉलेजवर विज्ञान पद्धतीला अध्यापकच नाही हे वर्षभर चालून जायचं. का चालायचं? कारण पैसे आधीच आलेले असायचे. दोन वर्षांच्या कोर्सचा पैसा प्रवेशाच्या वेळेला बांधला गेला की पोरगी जाणार कुठं, कागदपत्रं संस्थेत, टीसी संस्थेत, सोडलं तर भरलेलं बुडालं आणि वर्षही गेलं. टायपिंगवाल्या पोराकडं निघून जायची ताकद होती, डी.एड.वालीकडं नव्हती, एवढाच फरक.

यातली एक मुलगी सांगतो, ओळख पटेल असं काही सांगत नाही. आई विडी कामगार. मुलगी याच हॉलमध्ये टायपिंग शिकलेली, मराठी ३० आणि ४०, मग एमएस-सीआयटी, आणि २००९ ला डी.एड.ला प्रवेश. विडी कामगार कल्याण निधीची शिष्यवृत्ती शाळेत असताना मिळालेली, ती इथं पुरणार कुठून, मग बचत गटाचं कर्ज आणि उरलेल्यासाठी आईच्या गळ्यातलं. प्रवेशाच्या दिवशी आईनं विचारलं होतं, "सर, नोकरी लागंल की हो हिला?" सर म्हणाले, "अम्मा, आपल्याच पोरी आहेत सगळ्या, का नाही लागणार." खोटं बोलतोय असं त्यांना वाटत नव्हतं. तोपर्यंतच्या बॅचमधल्या काही जणी खरंच लागलेल्या होत्या.

आता तारखा बघा. २०१० च्या मे महिन्यात शिक्षणसेवक भरतीची सीईटी झाली, तेव्हा ही पहिल्या वर्षाला. त्याच वर्षी एप्रिलपासून शिक्षण हक्क कायदा लागू झालेला आणि ऑगस्टमध्ये एनसीटीईनं शिक्षक व्हायला टीईटी म्हणजे शिक्षक पात्रता परीक्षा लागणार असं जाहीर केलं. २०११ ला ही पास झाली. ऑक्टोबर २०११ ला राज्यभर तीन दिवस पटपडताळणी झाली, शाळाशाळांत हजेरीपटावर असलेली पण वर्गात नसलेली पोरं सापडली, म्हणजे मग तेवढे शिक्षक जास्तीचे. २ मे २०१२ च्या शासन निर्णयानं भरती थांबली. राज्याची पहिली टीईटी डिसेंबर २०१३ ला. त्यानंतर भरतीचं पवित्र पोर्टल, शिक्षक अभियोग्यता चाचणी, ते सगळं २०१७ च्या पुढं. म्हणजे हिनं जी अट पूर्ण करायला पैसे भरले, ती अट ती पूर्ण करेपर्यंत अपुरी झाली आणि वर भरतीच राहिली नाही.

याच काळात राज्यातल्या २९१ डी.एड. संस्थांच्या मान्यतेचा वाद सुप्रीम कोर्टात गेला आणि त्यातून न्यायमूर्ती जे. एस. वर्मा आयोग नेमला गेला, २०१२ च्या त्याच्या अहवालानं देशभरच्या शिक्षक-शिक्षणाची लक्तरं काढली, त्या २९१ पैकी बहुतेक संस्था मान्यतेच्या लायक नाहीत असं निघालं. आमच्या कॉलेजला यातलं काही वेगळं करायची वेळच आली नाही. ५० च्या जागी पंधरा अर्ज, मग सात, मग एक वर्ष तर प्रवेश शून्य. अध्यापकांचे पगार थकले, त्यातल्या दोघांनी नंतर स्वतःचे दहावीचे क्लास काढले. पार्टनरनं बिल्डिंग गोडाऊनला भाड्यानं दिली, त्याची जमीन होती ती त्याचीच राहिली आणि मधल्या काळात तिची किंमतही वाढली. सरांचा पैसा ठेवीत, मान्यतेत, फर्निचरमध्ये अडकला तो अडकलाच. पण पोरींच्या मानानं तेही सुटलेच म्हणायचं.

इथं अमेरिकेचं उदाहरण फार उपयोगी पडतं, कारण तिकडं हाच प्रकार फार आधी आणि फार मोठ्या प्रमाणात झालाय. एकोणिसाव्या शतकात ब्रायंट अँड स्ट्रॅटनसारख्या साखळीतली बिझनेस कॉलेजं हिशेब, हस्ताक्षर आणि पुढं टायपिंग-शॉर्टहँड शिकवायची, खिशातल्या पैशावर चालायची, आपल्या कमर्शियल इन्स्टिट्यूटची थोरली भावंडंच. १९४४ चा जीआय बिल आला, महायुद्धावरून परतलेल्या सैनिकाची फी सरकार थेट शाळेला द्यायला लागलं, वर्षाला ५०० डॉलरपर्यंत, आणि हजारो खाजगी ट्रेड स्कूल उगवली, त्यातल्या कित्येकांनी फी बरोबर ५०० च्या आसपास नेऊन ठेवली. १९५२ च्या नव्या कायद्यात मग त्यांनी एक साधी अट घातली: ज्या कोर्सला ८५ टक्क्यांपेक्षा जास्त पोरं सरकारी पैशावर आहेत तिथं नवीन सैनिक विद्यार्थी घ्यायचा नाही. म्हणजे निदान काही लोक तरी स्वतःच्या खिशातून पैसे टाकायला तयार असले पाहिजेत, तरच तो माल खरा. पुढं हीच कल्पना नफ्यावर चालणाऱ्या सगळ्या कॉलेजांना लावली, १९९८ ला ती ९०-१० इतकी सैल केली, आणि कोरिंथियन २०१५ ला, आयटीटी टेक २०१६ ला बुडालं तेव्हा लाखो पोरांच्या डोक्यावर कर्ज आणि हातात कुणी न विचारणारी डिग्री राहिली.

तिकडं पैसा सरकारचा होता, आपल्याकडं अट सरकारची आणि पैसा आईच्या गळ्यातला. तिकडं निदान सरकारला स्वतःचा पैसा बुडाल्यावर जाग येते, चौकशी समिती बसते, काहींची कर्जं माफ पण झाली. आपल्याकडं डी.एड. करून बसलेल्या पोरीचा पैसा सरकारी खात्यात कुठंच दिसत नाही, त्यामुळं तो बुडाला हेही कुठं लिहिलं जात नाही.

ती मुलगी सध्या एका युनिफॉर्म शिवणाऱ्या कारखान्याच्या ऑफिसात आहे, ऑर्डरी, चलनं, जीएसटीची बिलं. सोलापुरातनं देशभर शाळेचे गणवेश जातात, त्यातलंच एक युनिट. मालकानं घेताना टायपिंगचा स्पीड बघितला, सर्टिफिकेट मागितलं नाही.

आणि हॉल? हॉल चालू आहे. गोदरेजनं २००९ लाच मशीन बनवणं थांबवलं होतं, परीक्षा परिषदेनंही पुढच्या काही वर्षांत मुदतवाढी देत देत मशीनवरची परीक्षा बंद करून कॉम्प्युटर टायपिंग आणलं. जुनी मशीन किलोवर गेली, दोन ठेवलीत. सर आता येत नाहीत, मुलगा बघतो. सकाळी आणि संध्याकाळी टायपिंगच्या बॅच, फी अजून महिन्यावर, आणि मागच्या भागात अभ्यासिका, एमपीएससी नाहीतर पोलीस भरती करणाऱ्या पोरांना टेबल-खुर्ची महिन्यानं भाड्यानं. शिकवायचं काहीच नाही, दिवा, पंखा, वायफाय आणि शांतता. पुण्याला पेठांत राहणं ज्यांना परवडत नाही ती पोरं इथं बसतात.

गेल्या वर्षी मुलाकडं पण एक पार्टनर चालत आला. पॅरामेडिकल डिप्लोमा, लॅब टेक्निशियन, ओटी टेक्निशियन. वारं कुठून येतंय ते कळतं, राज्यात परावैद्यक परिषद झालीये, २०२१ ला केंद्राचा सहायक आरोग्यसेवा व्यवसायांचा कायदा आलाय, म्हणजे नोंदणीची अट घट्ट होत जाणार. शिवाय लॅबचा रिपोर्ट पदव्युत्तर पॅथॉलॉजिस्टनंच सही करायचा असं सुप्रीम कोर्टानं २०१७ ला सांगितलंय, तरी 'कोर्स करा, स्वतःची लॅब टाका' असं पॅम्फ्लेट छापायला लोक कमी करत नाहीत. पार्टनरच्या कागदात सर्टिफिकेट परराज्यातल्या एका खाजगी विद्यापीठाचं होतं. तिथंच मी थांबवलं, कारण खाजगी विद्यापीठाला स्वतःच्या राज्याबाहेर असली फ्रँचायझी सेंटर चालवायची परवानगी यूजीसी देत नाही. पार्टनर म्हणाला, मग दुसरं बोर्ड बघू, त्याच्याकडं दोन-तीन पर्याय होते, माणूस तयारीचा होता.

मी मुलाला दोन गोष्टी विचारायला सांगितल्या. एक, परिषदेत नोंदणी होईल का, हे परिषदेकडूनच लेखी आणायचं, पार्टनरकडून नाही. दुसरी, फी टायपिंगसारखी महिन्यानं घेणार का आणि मूळ कागदपत्रं पोरांकडंच राहणार का. पहिल्यावर पार्टनर 'आणतो' म्हणाला. दुसऱ्यावर वैतागला. महिन्यानं फी घेतली आणि तीन महिन्यांत पोरं निघून गेली तर लॅबचा खर्च कोण भरणार, असं म्हणाला. मुलगा म्हणला, "तीन महिन्यांत जातील असं तुम्हाला आत्ताच का वाटतंय?" त्यानंतर त्याचा फोन आलेला नाही, लेखी कागदही आला नाही. मुलाचा मात्र विचार पूर्ण सुटलेला नाही, परवा पुन्हा मला भाडं आणि लॅबच्या मशीनची किंमत धरून आकडेमोड करायला सांगितलीये. मी महिन्याची फी धरून करतोय.